मेहनतीचा हक्क आणि कागदाची साक्ष

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात मी शिक्षणाच्या महत्त्वावर बोलावे अशी चिटणीस साहेबांची सूचना होती. ह्या व्यासपीठावरून ह्या विषयावर अनेक विद्वानांनी आपणांस उपदेश केला आहे. त्यात भर घालण्याइतका मी मोठा नाही. म्हणून मी आज उपदेश न करता एक हकीकत सांगणार आहे. ती आपल्या मुलुखातली नाही, दूर फ्रान्स देशातली आहे. पण ज्या घरातला एक तरी माणूस दर्यावर किंवा आखातात गेला आहे, त्या घराला ती आपलीच वाटेल. आणि आपल्या रत्नागिरी-रायगडात असे घर नसलेली मोहल्ल्याची गल्ली मला तरी माहीत नाही.

अरबी भाषेत पिकलेल्या केसांना ‘शैब’ म्हणतात. मोरोक्को, अल्जीरियाकडच्या बोलीत म्हाताऱ्या, पांढऱ्या केसांच्या माणसाला ‘शिबानी’ म्हणतात. फ्रान्समध्ये आज हा शब्द सर्वांना ठाऊक आहे, कारण ८४८ शिबानींनी त्या देशाच्या राष्ट्रीय रेल्वेला कोर्टात हरविले. त्यांचे भांडण पेन्शनसाठी होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सला माणसांची गरज होती. खाणी, कारखाने, रस्ते, रेल्वे, सर्वत्र हात कमी पडत होते. १९६३ साली फ्रान्स आणि मोरोक्को ह्या दोन सरकारांत कामगार भरतीचा करार झाला. मोरोक्कोच्या दक्षिण भागातल्या गरीब खेड्यांतून तरुण उचलले जाऊ लागले. कोळशाच्या खाणींसाठी भरती करणारा फेलिक्स मोरा नावाचा एक माजी लष्करी अधिकारी होता. तो गावात येई, तरुणांना उघड्या अंगाने रांगेत उभे करी, त्यांचे स्नायू, दात, पाठ पाही आणि छातीवर शिक्का मारी. हिरवा शिक्का म्हणजे पसंत, लाल म्हणजे नापसंत. अशा रीतीने त्याने सुमारे ७८ हजार माणसे नेली असे सांगितले जाते. लिहिता-वाचता येणाऱ्यापेक्षा अंगाने दणकट आणि अशिक्षित माणूस ह्या भरतीत अधिक पसंत पडे. विद्यार्थी मित्रहो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. न वाचता अंगठा उठविणारा माणूस मालकाला का आवडतो, ते पुढे कळेल.

रेल्वेनेही ह्याच मुलुखातून माणसे घेतली. १९७० पासून पुढच्या बारा-तेरा वर्षांत सुमारे दोन हजार मोरोक्कन तरुण फ्रान्सच्या राष्ट्रीय रेल्वेत लागले. डबे जोडणे, सोडविणे, मालगाड्यांच्या यार्डात रात्रपाळी करणे, रूळांची देखभाल करणे, अशी अवजड आणि जोखमीची कामे त्यांच्या वाट्याला आली. शेजारी फ्रेंच कामगार होता. गाडी एक, यार्ड एक, पाळी एक आणि धोकाही एकच. फरक फक्त कागदात होता.

फ्रेंच कामगार रेल्वेचा ‘कायम’ माणूस होता. त्यासाठी दोन अटी होत्या: माणूस त्या देशाचा नागरिक असावा आणि भरतीच्या वेळी तिशीच्या आतला असावा. मोरोक्कन कामगार परदेशी म्हणून ह्या दर्जाबाहेर राहिला. त्याला ‘करारावरचा’ असे नाव पडले. कित्येकांनी पुढे फ्रेंच नागरिकत्व घेतले, तेव्हा पहिली अट सुटली. पण तोवर वय तिशीपलीकडे गेले होते, म्हणून दुसरी अट आडवी आली. एक दार उघडावे तर दुसरे बंद, अशी ही इमारत होती.

आता ह्या फरकाचा हिशेब पाहा. कायम कामगाराला बढतीच्या परीक्षा खुल्या होत्या, रेल्वेची वैद्यकीय सेवा होती, पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होता येत होते. त्याच्यासाठी रेल्वेचा स्वतंत्र पेन्शन फंड होता, त्यात मालकाची वर्गणी भरली जाई आणि पेन्शन शेवटच्या सहा महिन्यांच्या पगारावर ठरत असे. माणसाचा पगार शेवटी सर्वांत जास्त असतो, हे आपण जाणताच. करारावरच्या माणसासाठी रेल्वेच्या फंडात ही वर्गणी भरली गेली नाही. त्याला देशाच्या सर्वसाधारण योजनेत घातले गेले. तेथे मुख्य पेन्शन पुष्कळ वर्षांच्या पगाराच्या सरासरीवर बसते, आणि बढतीच नसल्यामुळे त्याचा पगार मुळातच कमी. शिवाय पाच-दहा वर्षे जास्त राबायचे ते वेगळेच. तीस-पस्तीस वर्षे एकाच यार्डात काम केलेली दोन माणसे निवृत्त होत तेव्हा एकाच्या हातात दुसऱ्यापेक्षा कितीतरी कमी पेन्शन पडे.

तरुणपणी हा फरक कोणाला दिसत नाही. पगार वेळेवर येतो, गावी मनीऑर्डर जाते, बहिणीचे लग्न होते, घरावर कौले चढतात. न भरलेली पेन्शनची वर्गणी ही अशी चोरी आहे की, जी तीस वर्षांनी उघडकीला येते. आणि तेव्हा माणसाच्या अंगात लढण्याचे बळ उरलेले नसते.

पण ही मंडळी लढली. २००० नंतरच्या दशकात एकेक करीत ते पॅरिसच्या कामगार न्यायालयात गेले. रेल्वेचे म्हणणे सरळ होते: आम्ही नियमाप्रमाणे वागलो, कोणावरही अन्याय केलेला नाही. ह्या म्हाताऱ्यांपैकी पुष्कळांना फ्रेंच नीट वाचता येत नव्हते. त्यांच्या मदतीला वकील आले, संघटना उभी राहिली, आणि मोरोक्कोतील राजधानीच्या रबात शहराचे कायद्याचे एक प्राध्यापकही धावून आले. त्याच काळात भरती झालेल्या फ्रेंच कामगाराला किती बढत्या मिळाल्या, पगार कोठवर गेला, पेन्शन किती बसले, आणि ह्या माणसाचे काय झाले, अशी तुलना कोर्टापुढे मांडण्यात आली. तारखांवर तारखा पडल्या. सुनावणीच्या दिवशी पांढऱ्या दाढीचे, काठी टेकीत येणारे लोक कोर्टाच्या दालनात दाटीने बसत. काही जण निकाल ऐकण्याआधीच अल्लाला प्यारे झाले.

२१ सप्टेंबर २०१५ रोजी पहिला निकाल लागला. नोकरीच्या वागणुकीत आणि पेन्शनच्या हक्कात रेल्वेने भेदभाव केला, असे न्यायालयाने बहुसंख्य अर्जदारांच्या बाबतीत मान्य केले. रेल्वे अपिलात गेली. आणखी अडीच वर्षे गेली. ३१ जानेवारी २०१८ रोजी पॅरिसच्या अपील कोर्टानेही कामगारांच्याच बाजूने कौल दिला आणि मनस्तापाची भरपाईही देवविली. सर्व मिळून ही रक्कम १७ कोटी युरोंच्या घरात जाते असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. त्यानंतर रेल्वेने आणखी वर जाण्याचा नाद सोडला.

खाणीत गेलेल्या मोरोक्कन बंधूंनीही असाच मार्ग चोखाळला. १९८० मध्ये संप करून त्यांनी खाण कामगारांचा कायदेशीर दर्जा मिळविला, आणि पुढे खाणी बंद पडल्यावर नाकारलेल्या सवलतींसाठी काही जण कोर्टात गेले. तेथेही २०११ साली दुए शहराच्या अपील कोर्टाने भेदभाव झाल्याचे मान्य केले.

आता कोणी म्हणेल, ही फ्रान्सची गोष्ट झाली, तेथे कोर्ट आहे, युनियन आहे. आमचा माणूस तर आखातात आहे. हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी मला माझ्याच घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगताना मला शरम वाटते, पण सांगितल्याशिवाय ह्या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही.

माझे एक चाचा सौदी अरबस्तानात एका ठेकेदाराकडे एकोणीस वर्षे होते. मी कॉलेजात शिकत होतो, घराण्यातला पहिला. माझी फी चाचांच्या पैशांतून भरली जाई. एके दिवशी ठेकेदाराने त्यांना काम संपल्याचे सांगितले, एका अरबी कागदावर सही घेतली, तिकीट हातात ठेवले आणि विमानात बसविले. चाचा घरी आले ते एक बॅग, दोन ब्लँकेटे आणि कागदांचे एक पाकीट घेऊन. ते पाकीट त्यांनी माझ्याकडे दिले आणि म्हणाले, “बाबा, तू शिकलेला आहेस. ह्यात माझे काही निघते का, एवढे बघ.” मी म्हटले, “बघतो, चाचा.” पाकीट मी ट्रंकेत ठेवले. परीक्षा होती, मग नोकरीची खटपट होती. चाचांनी दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा केली नाही. आपल्याकडे वडील माणसे शिकलेल्या मुलाला पुन्हापुन्हा विचारायला संकोचतात.

दीड वर्षाने मी पाकीट उघडले आणि एका जाणकाराकडे घेऊन गेलो. त्यांनी पाच मिनिटांत हिशेब मांडला. त्या देशाच्या कायद्याप्रमाणे पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी अर्ध्या महिन्याचा पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी एक महिन्याचा पगार ग्रॅच्युइटी म्हणून देणे लागते. पहिल्या पाच वर्षांचे अडीच महिने, पुढच्या चौदा वर्षांचे चौदा महिने, एकूण साडेसोळा महिन्यांचा पगार. चाचांचा पगार महिना १२०० रियाल. म्हणजे १९,८०० रियाल. “दावा केला काय?” त्यांनी विचारले. मी नाही म्हटले. त्यांनी कागद घडी घालून परत दिले. दावा करण्याची मुदत बारा महिन्यांची होती. शिवाय ज्या अरबी कागदावर चाचांनी सही केली होती, त्यात लिहिले होते: माझे सर्व देणे मला पोहोचले.

चाचा काही बोलले नाहीत. “जाऊ दे, नशीब,” एवढेच म्हणाले. पण ते नशीब नव्हते. ठेकेदाराने हक्क बुडविला हे खरे, आणि घरातल्या शिकलेल्या मुलाने पाकीट उघडले नाही हेही तितकेच खरे. म्हणून आज मी आपल्यापुढे उभा आहे.

आता आखाताविषयी. आखाती देशांत परदेशी कामगाराला बहुधा पेन्शन नाही. पेन्शनच्या जागी नोकरीच्या अखेरीस मिळणारी ही ग्रॅच्युइटीच आहे. संयुक्त अरब अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा आणि पुढे दर वर्षी ३० दिवसांचा पगार असा हिशेब आहे. मात्र तो मूळ पगारावर होतो, भत्त्यांवर नाही. म्हणून करारात मूळ पगार थोडा आणि भत्ते पुष्कळ असतील तर महिन्याला फरक दिसत नाही, शेवटी दिसतो. कतारमध्ये दर वर्षी किमान तीन आठवड्यांचा मूळ पगार आहे. सौदीत स्वतः राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत काहीच नाही, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, दहा वर्षांपर्यंत दोन तृतीयांश आणि दहानंतर पूर्ण. त्यामुळे कामावरून काढलेल्या माणसाकडून राजीनाम्यावर सही मागितली जाते तेव्हा ती कशासाठी, हे आपल्या ध्यानात आले पाहिजे. दाव्याची मुदत सौदीत अजूनही एक वर्षाची आहे. अमिरातीत २०२४ च्या दुरुस्तीने ती दोन वर्षांची झाली.

ह्या ग्रॅच्युइटीचा मोठा दोष असा की, पैसा शेवटपर्यंत मालकाच्याच खिशात राहतो. मालक बुडाला की पैसाही बुडतो. २०१६ मध्ये सौदीतील मोठमोठ्या बांधकाम कंपन्यांचे हजारो भारतीय कामगार महिनोन्‌महिने पगाराविना अडकले, आणि आपल्या सरकारला मंत्री पाठवून त्यांना परत आणावे लागले. २०२० च्या कोरोनाच्या साथीत तर किती जण हिशेब न होताच परतले ह्याची गणती नाही. पण त्यांतही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ज्यांनी जाण्यापूर्वी आपला दावा नोंदविला, वकालतनामा दूतावासाकडे दिला, त्यांची आशा जिवंत राहिली. त्या बुडालेल्या कंपन्यांच्या फिलिपिन्समधील हजाराहून अधिक कामगारांना २०२४ मध्ये थकलेल्या पैशांचे धनादेश मिळाले. आठ वर्षांनी का होईना, मिळाले. बहारीनने तर २०२४ पासून नियमच बदलला. तेथे मालकाने परदेशी कामगाराच्या नावे दरमहा सरकारी विमा संस्थेत वर्गणी भरायची, पहिली तीन वर्षे पगाराच्या ४.२ टक्के आणि पुढे ८.४ टक्के. पैसा मालकाच्या खिशातून दरमहा बाहेर निघतो, हीच त्यातली खुबी.

पालकांनो, ह्यावरून चार साध्या गोष्टी घरी न्या.

पहिली, माणूस परदेशी जाण्यापूर्वी कराराची एक प्रत घरात राहिली पाहिजे, आणि घरातल्या कोणीतरी ती वाचलेली असली पाहिजे. मूळ पगार किती, हे त्यात प्रथम पाहावे. एजंटाने दाखविलेला करार आणि तेथे सरकारदरबारी नोंदलेला करार एकच आहे ना, हे ताडून पाहावे.

दुसरी, पगारचिठ्ठी, बँकेचा उतारा, ओळखपत्र, रजेचे कागद, सर्वांची प्रत दर वर्षी घरी पाठवावी. आता तर मोबाइलवर फोटो काढून पाठविता येतो. शिबानींचा खटला कागदांवर जिंकला गेला, आठवणींवर नाही.

तिसरी, न वाचलेल्या कागदावर सही करू नये. करावीच लागली तर त्याची प्रत मागावी, फोटो घ्यावा आणि ताबडतोब दूतावासाला कळवावे. भारत सरकारचे ‘मदद’ नावाचे तक्रार केंद्र २०१५ पासून आहे. तेथे घरच्या माणसालाही तक्रार नोंदविता येते.

चौथी, मुदत. परत आलेला माणूस थकलेला असतो. त्याला दोन महिने विश्रांती घेऊ द्या, पण कागद विश्रांती घेत नाहीत. ते त्याच आठवड्यात उघडा.

आणि परदेशाकडेच बोट कशाला दाखवावे? मुंबईत, भिवंडीत, ठाण्यात नोकरी करणाऱ्या आपल्या मुलाच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, तो खरोखर भरला जातो काय, हे किती जण पाहतात? पासबुक मोबाइलवर दिसते. महिन्यातून एकदा पाहायला पाच मिनिटे लागतात. तसेच आपणांपैकी काही जण स्वतः मालक आहेत. आपल्या दुकानात, यंत्रमागावर, होडीवर राबणाऱ्या बिहारच्या, उत्तर प्रदेशाच्या, ओडिशाच्या मुलाचा हिशेब आपण लिहून ठेवतो काय? मजुराची मजुरी विनाविलंब द्यावी, ही रसूलल्लाहची शिकवण आपण सर्वांनी मदरशात ऐकली आहे. ती घेणाऱ्यासाठी जेवढी आहे, त्याहून अधिक देणाऱ्यासाठी आहे. परमुलुखात आपल्या माणसाला इन्साफ मिळावा असे वाटत असेल, तर आपल्या दारातल्या परमुलुखाच्या माणसाला तो आपण दिला पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठी. १९८३ च्या आपल्या परदेशगमन कायद्यात, दहावी पास नसलेल्या माणसाला आखातासारख्या ठरावीक देशांत नोकरीला जाण्यापूर्वी सरकारची खास परवानगी घ्यावी लागते. सरकारने असे का केले? कारण कमी शिकलेला माणूस लवकर फसतो, हे सरकारलाही ठाऊक आहे. पण दहावीचा शिक्का पासपोर्टाला उपयोगी पडला, तरी करार वाचण्याची सवय त्याने लागत नाही. ती तुम्ही लावून घ्यायची आहे.

कुरआन शरीफातली सर्वांत लांब आयत कोणती, हे तुमच्यापैकी हाफिज मुले सांगतील. ती नमाजाविषयी नाही, रोज्याविषयी नाही. उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवावा, साक्षीदार घ्यावेत, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, ह्याविषयी ती आहे. आपण ती आयत पाठ करतो आणि हिशेब मात्र तोंडी ठेवतो.

आज घरी गेल्यावर एक काम करा. आपल्या अब्बांना, चाचांना, मामूंना, शेजारच्या म्हाताऱ्या खलाशाला विचारा की, तुमचे कागद कोठे आहेत? ट्रंकेतले पाकीट बाहेर काढा. वाचता आले तर वाचून दाखवा, नाही आले तर गुरुजींकडे आणा. मी चिटणीस साहेबांना विनंती केली आहे की, महिन्यातून एका रविवारी शाळेचा एक वर्ग ह्या कामासाठी उघडा ठेवावा. त्यांनी ती मान्य केली आहे, आणि पहिल्या रविवारी मी स्वतः तेथे बसेन. ज्याच्या पैशांवर मी शिकलो, त्याचे पाकीट मी वेळेवर उघडले नाही. तुमच्या हातून तसे होऊ नये, एवढीच माझी दुआ आहे.